आठवा सुरुंग

३ जानेवारी

चि. सौ. चिमीस,

अनेक आशीर्वाद. ‘सौ.’ लिहिताना पेन अडलं, ते लपवत नाही. पाच महिन्यांपूर्वी तुझ्या नावापुढून काढलेलं अक्षर परत लावायचं आहे. होईल सवय.

तू दिराशी लग्न केलंस याला माझा विरोध नाही. विधवेनं लग्न करू नये म्हणणाऱ्यांना मी कॉलेजात असतानाच भर सभेत झोडपलं आहे. माझा राग आहे तो घाईवर. तुझ्या नवऱ्याला खाणीतून आणलं तेव्हा मी तिथे होते. इस्पितळात तीस वर्षं मेट्रन म्हणून काढली, पण माणूस घमेल्यांतून आलेला कधी पाहिला नव्हता. तुला मी आत येऊ दिलं नाही. जे होतं ते एकत्र करून चादरीत बांधलं आणि तोंड तेवढं उघडं ठेवलं. त्या चादरीला अजून वर्ष झालं नाही, चिमे.

आणि तुझा दीर. दोघा भावांचं काम पंचवीस वर्षं ठरलेलं. थोरल्यानं सुरुंगांच्या वाती पेटवून कानात बोळे घालून आडोशाला बसायचं आणि धाकट्यानं समोरच्या टेकाडावरून आवाज मोजायचे. भरले तितके उडाले तर हिरवं निशाण, एक जरी कमी पडला तर लाल, आणि मग तासभर आत कोणी पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी आठ भरले होते. त्यानं हिरवं दाखवलं, थोरले आत गेले आणि आठवा उडाला. समोरच्या कड्यामुळे आवाज घुमतो, सात की आठ ते कळत नाही, असं त्यानं चौकशीत सांगितलं. पंचवीस वर्षं बरं कळत होतं.

हे इतकं स्पष्ट लिहिते, कारण आता तशी सोय आहे. थोरले असताना तुमच्याकडे आलेलं प्रत्येक पत्र ते जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायचे. घरात लपवाछपवी नको, हा त्यांचा खाक्या. माझ्या मूळव्याधीचं वर्णन त्यांनी बांधकाम खात्याच्या साहेबांसमोर वाचल्यापासून मी तुला हवापाण्यापलीकडे काही लिहिलं नाही. ती पद्धत अजून चालू असेल तर कळव, म्हणजे पुन्हा हवेबद्दल लिहीन.

तुझ्या लेकाला, मुंगळ्याला, आशीर्वाद. त्याला सांभाळ. एकदा चावा घेतला की मान तुटली तरी न सोडणारं पोर आहे, नाव उगीच नाही पडलं.

माझी माया तुला ठाऊक आहे, ती वेगळी लिहीत नाही.
तुझी अक्का


११ जानेवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तू रागावशील हे ठाऊक होतं, म्हणून आधी कळवलं नाही.

अक्का, खाणीवर ऐंशी माणसं आहेत. थोरले गेल्यावर परवाना कोणाच्या नावावर, सुरुंगाची दारू कोणाच्या सहीनं, मुकादमांनी हुकूम कोणाचा ऐकायचा, सगळा सावळा गोंधळ. भाऊजींनी (बघ, अजून तेच येतं तोंडात) सगळं ओढून धरलं. मला म्हणाले, वहिनी, घर एक राहिलं पाहिजे. मी होय म्हटलं. प्रेमात पडायचं वय नाही माझं. एकटीनं त्या घरात राहायची भीती वाटली, एवढंच खरं.

मुंगळ्याचं काय सांगू? जमीनमोजणीचा कोर्स सोडून परत आला तो सुतकी चेहरा घेऊन. लग्नाच्या दिवशी नोंदणी करून आम्ही जेवायला बसलो, तर यानं उठून काकांची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. दोन दात ताटात पडले. त्यांनी पट्टा काढून याला भिंतीशी गाठून मारलं, बकलाच्या बाजूनं. मी मध्ये पडले तर एक फटका माझ्या खांद्यावर बसला. फरशीवरचं रक्त पुसताना कुठलं कोणाचं ते कळत नव्हतं. आता तो घरी जेवत नाही. बहिऱ्या मुकादमाच्या खोलीत पथारी टाकली आहे. तोच तो, सुरुंगांनी कान गेलेला, तीस वर्षं थोरल्यांच्या हाताखाली होता. तू मुंगळ्याला लिही. तुझं ऐकतो. मला बघितलं की तोंड फिरवतो, आणि माझा जीव अक्षरशः त्याच्या मागं मागं फिरतो. माझं आता दुसरं काही नाही, अक्का. पोर जिवंत राहावं, एवढं एकच.

टपालवाचन थोरल्यांबरोबर गेलं. यांना दुसऱ्याच्या पत्रात रस नाही. पाकीट यांच्या कचेरीतून येतं ते चांगलं चिकटवलेलं माझ्या हातात पडतं. मूळव्याधीबद्दल खुशाल लिही.

मोठ्या मनानं मला पदरात घे.
तुझी चिमी


२ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मी शहरात येऊन स्वतः पेटीत टाकतो आहे. अक्षर वाईट आहे, समजून घे.

बहिरा मुकादम ऐकत नाही, पण मोजतो. कान गेल्यापासून तो सुरुंग तळपायांनी मोजतो. बाबा गेले त्या दिवशी तो अनवाणी खडकावर उभा होता. सातच धक्के आले, असं त्यानं मला हाताच्या बोटांनी दाखवलं. सात, आणि मग हिरवं निशाण. तो ओरडत धावला, पण बाबांच्या कानात बोळे होते. चौकशीत बहिऱ्याला आवाजाबद्दल काय विचारायचं, म्हणून साहेब हसले आणि त्याला घरी पाठवलं.

तू म्हणशील, एका म्हाताऱ्याच्या पायांवर काय विश्वास? मीही तेच म्हटलं. म्हणून परवा आम्ही दोघांनी मिळून आठ भोकं भरली. सातांत दारू आणि आठव्यात नुसती माती. वात आठांनाही लावली. काका नेहमीसारखे टेकाडावर. मी आडोशाला बसून त्यांच्याकडेच बघत होतो. सात उडाले. वारं सुटलं होतं, कडा घुमत होता, आणि तरी त्यांनी पापणी लवायच्या आत लाल वर केलं. एक खडी फोडणारा चुकून दोन पावलं पुढं गेला, तर हे टेकाडावरून धावत आले आणि निशाणाच्या काठीनं त्याला झोडू लागले. एक राहिलाय, एक राहिलाय, असं किंचाळत होते. काठी मोडली, त्याचा कान फाटून लोंबला, तरी हात थांबेना. मग ओकले. उठताना माझ्याशी नजर भिडली, आणि मला काय कळलंय ते त्यांना कळलं.

ज्याला त्या गोंगाटात सात कळतात त्याला ऑगस्टमध्येही कळले होते. बाबांना त्यांनी निशाण दाखवून मारलं.

मला तिथल्या तिथे त्यांचं डोकं फोडायचं होतं. घण हातात होता. मुकादमानं मनगट धरलं. खाण निरीक्षक पंधरा तारखेला येणार आहेत. मुकादम त्यांच्यापुढे साक्ष देईल आणि त्यांच्यासमोर पायांनी मोजून दाखवेल. तोवर मी गप्प.

आईला यातलं अक्षरही कळवू नकोस. तिचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. तिला कळलं की जेवणाच्या टेबलावर त्यांना कळेल.

तुझ्याच भरवशावर असलेला,
मुंगळा


७ फेब्रुवारी

चि. चिमीस,

आशीर्वाद. बसून वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल.

तुझ्या मुलानं मला बजावलं आहे की तुला सांगू नये. मी तीस वर्षं लोकांना त्यांची दुखणी तोंडावर सांगितली. ज्यांच्या नातेवाइकांनी मला गप्प बसवलं, ते रोगी जास्त हाल होऊन मेले. तेव्हा सांगते. तुझ्या नवऱ्याला त्याच्या भावानं जाणूनबुजून मारलं. सात उडाले होते, हे त्याला ठाऊक होतं. बहिऱ्या मुकादमाला हे माहीत आहे आणि पंधरा तारखेला खाण निरीक्षकापुढे तो साक्ष देणार आहे. मुंगळा त्याच्याबरोबर उभा राहील.

त्या दिवशी तू त्या घरात असता कामा नये. ज्या माणसानं सख्ख्या भावाला हिरवं निशाण दाखवलं तो अडचणीत आला की बायकोला काय दाखवील, याचा विचार कर. दाताला दाखवायचं म्हणून तेराला नीघ. पिशवी भरू नकोस, नेसत्या लुगड्यानं ये. माझ्याकडे दुसरी खाट आहे आणि माझ्या घोरण्याची तुला लहानपणापासून सवय आहे.

रडायचं असेल तर इथे येऊन रड. तिथे चेहरा कोरडा ठेव, एवढं मी तुला बजावते.

वाट बघते, आणि मला वाट बघायला आवडत नाही.
तुझी अक्का


१६ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. महिना झाला, तुझी ओळ नाही. एवढी रागावलीस का? राग बाजूला ठेव आणि वाच.

बहिरा मुकादम गेला. बाराच्या सकाळी खोलीत सापडला. घणानं डोकं ठेचलं होतं, उशीसकट. दोन्ही पावलंही फोडली होती, अक्का. मेलेल्या म्हाताऱ्याची पावलं कोणी का फोडावीत, मला उलगडत नाही. मुंगळा त्याच खोलीत राहत होता. पहाटे पाणी आणायला गेला होता म्हणून वाचला, असं तो सांगतो. पण हे चार माणसं घेऊन तिथे उभेच होते. घण मुंगळ्याचा, खोली मुंगळ्याची, म्हणजे खूनही त्याचाच, असं सगळ्यांसमोर म्हणाले. याच हातानं म्हाताऱ्याला मारलं ना, असं विचारून त्यांनी त्याचा उजवा हात दगडावर धरवला आणि खडी फोडायच्या हातोड्यानं दोनदा मारलं. मी तिथे पोचले तेव्हा बोटं बोटांसारखी दिसत नव्हती. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघत होता, जणू मीच मारलं.

पोलिसांच्या गाडीतून उडी टाकून तो पळाला. कुठे आहे, ठाऊक नाही. निरीक्षक काल आले, खाण पाहिली, चहा घेतला आणि गेले.

यांनी माणसांना सांगून ठेवलं आहे की दिसला तर पोलिसांची वाट बघू नका. हे माझ्यासमोर सांगितलं, पोळी मोडता मोडता. तुझ्याकडे आला तर दार उघड. त्याचा हात बघ. तू काहीतरी कळव, अक्का, शिव्या दे, पण लिही.

तुझी, तुझ्याशिवाय कोणी नसलेली,
चिमी


१९ फेब्रुवारी

चिमे,

हे पत्र आमच्या इस्पितळातली नर्स तुझ्या हातात देईल. ती त्या बाजूला लस टोचायला येते. तिच्यादेखत वाच.

मी तुला सातला लिहिलं होतं. मुकादमाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, साक्ष कशाची तेही लिहिलं. ते तुला मिळालं नाही, म्हणजे ज्याला मिळायला नको होतं त्याला मिळालं. तुमच्याकडे मोठ्यानं वाचणं बंद झालं होतं, वाचणं नव्हे. तू पाकीट चांगलं चिकटवलेलं येतं म्हणालीस आणि मी शहाणी म्हणवणारी बाई ते वाचून निश्चिंत झाले. पाकिटं अशी डिंकानं थबथबलेली येत नसतात, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

म्हाताऱ्याची पावलं का फोडली, ते आता तुला कळेल. त्या पावलांनी सात मोजले होते. तुझ्या नवऱ्याला तुझ्या दिरानं मारलं, चिमे.

मुकादमाला मी मारलं. मुंगळ्याचा हात मी मोडला. त्यानं मला सांगू नकोस म्हटलं होतं. हे मी रडत लिहीत नाही, रडून झालं आहे.

तो माझ्याकडे आलेला नाही. आत्ताच्या आत्ता नर्सबरोबर नीघ.

अक्का


२१ फेब्रुवारी, दुपार

अक्का,

हे पत्र मुंगळा आणतो आहे. पोलिसांना निरोप धाडला आहे. ते यायला तासभर लागेल, तेवढ्यात लिहिते.

मी नर्सबरोबर निघाले नाही. आधी मला ते पत्र डोळ्यांनी बघायचं होतं. आज हे खाणीवर गेल्यावर कचेरीतला खण फोडला. तुझं पत्र होतं. ‘बहिऱ्या मुकादमाला’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ, अगदी सरळ, पट्टी लावून ओढलेली.

जेवायला आले तेव्हा मी ते पत्र ताटाशेजारी ठेवलं. यांनी हात धुतले, बसले, आणि म्हणाले की थोरल्याला सगळं मिळत होतं, मला नुसतं मोजायला मिळत होतं. एवढंच. मग भाजी वाढ म्हणाले.

आता ऐक, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये मी स्वयंपाकघरात होते. पंचवीस वर्षं त्या घरात राहून बाई न मोजता मोजते. मी सात मोजले होते. मग थोडं थांबून तो एक. कढईच्या आवाजात मधला एखादा हुकला असेल, असं मी मनाला सांगितलं. चौकशीत मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तू मुकादमाला मारलं म्हणतेस. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तुला पत्रच लिहावं लागलं नसतं.

मुंगळा मागच्या दारानं आला. मला न्यायला आला होता. हात फडक्यात बांधलेला, काळा पडलेला. यांनी दारामागची पहार उचलून त्याच्या पोटात खुपसल्यासारखी मारली. तो वाकला. दुसरा घाव डोक्यावर बसणार तेवढ्यात मी उकळत्या पाण्याचं पातेलं यांच्या तोंडावर फेकलं. हे डोळे धरून खाली बसले. मुंगळ्यानं डाव्या हातानं पहार घेतली. किती घाव घातले, ते मी मोजले नाहीत. घाव थांबल्यावर मी त्याच्या हातातून पहार सोडवून घेतली आणि माझे हात त्या रक्तात घातले, कोपरापर्यंत.

मी मारलं असं सांगणार आहे. तोंड भाजलेल्या माणसाला बाई मारू शकते, कोणीही मानेल. तू फक्त म्हण की मुंगळा तुझ्याकडे हाताच्या उपचाराला काल सकाळपासून होता. तू खोटं बोलत नाहीस, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून ते खरं धरलं जाईल. आयुष्यात एकदा बोल. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी.

पोट दुखत नाही म्हणतो. बघून घे.
चिमी


२५ फेब्रुवारी

चि. चिमीस,

आशीर्वाद. तुरुंगात पत्रं आधी तिथल्या बाई वाचतात, असं कळलं. वाचू देत. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिते.

मुंगळा एकवीसच्या संध्याकाळी आला. पायरीवर बसला आणि तुझं पत्र दिलं. सदरा वर केला तर पोट लाकडासारखं टणक होतं. आत रक्तस्राव झालेलं पोट मी शेकडो वेळा चाचपलं आहे. इस्पितळात नेलं, उघडलं. आतडं दोन ठिकाणी फाटलं होतं. दोन दिवस राहिला. शुद्धीवर असेपर्यंत सारखा तुझंच विचारत होता, तू सुटशील ना, असं. मी सुटेल म्हटलं. तेविसाला दुपारी सव्वातीनला गेला. हात माझ्या हातात होता, डावा.

हे तुला असं कागदावर सांगावं लागतं याचा मला तिटकारा आहे. पण तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

आता नीट ऐक. तू गुन्हा डोक्यावर घेतलास तो त्याला वाचवायला. वाचवायला कोणी उरलेलं नाही. दिराला मुंगळ्यानं मारलं, तेही त्यानं पहार खाल्ल्यावर. तू फक्त मुलाला वाचवायला पाणी फेकलंस. हे खरं आहे आणि मी कोर्टात ते सांगणार आहे. तूही सांग. आणि सुटून ये. मला दुसरी बहीण नाही.

तुझ्या खाटेवर चादर घालून ठेवली आहे.
अक्का


२ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. इथल्या बाईंनी आधी वाचलं, मग माझ्याजवळ बसून राहिल्या. चांगल्या आहेत.

त्यांनी विचारलं की बहीण लिहिते ते खरं का? मी म्हटलं, माझी बहीण मोठी विद्वान, पण भाचा हातात गेल्यापासून भ्रमिष्ट झाली आहे. तिचा त्या पोरावर इतका जीव, तरी मला सोडवायला त्याच्याच नावावर खून घालते, यावरूनच ओळखा. वकिलांनाही हेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. तुझ्या साक्षीला आता कोणी फारसं मोजणार नाही, अक्का.

त्याचं वय चोवीस होतं. बाप गेला, हात गेला, जीव गेला. त्याच्या नावावर एवढं एक राहू देणार नाही. मी सात ऐकून गप्प बसले, त्याची किंमत कोणीतरी द्यायची, आणि आता मी एकटीच शिल्लक आहे.

कोर्टात यायचं तर ये. मला बघायला ये, बोलायला नको. येताना माझा चष्मा आण. तो मी स्वयंपाकघरात विसरले आहे, आणि पोलिसांनी त्या खोलीला कुलूप घातलं आहे. विचारून बघ.

रागावलीस तरी माझीच राहा.
तुझी चिमी